धारगळच्या गोठ्यात

गोव्यास जाऊन आलेल्या मराठी माणसाने धारगळ पाहिले नाही असे सहसा घडत नाही. मात्र धारगळला तो उतरला असेही सहसा घडत नाही. मुंबईहून येणारा महामार्ग, ज्याला आपण वर्षानुवर्षे सतरा क्रमांकाचा म्हणत आलो व जो आता सहासष्ट क्रमांकाचा झाला आहे, पत्रादेवीपाशी सीमा ओलांडून पेडणे तालुक्यात शिरतो आणि कोलवाळच्या पुलावरून शापोरा नदी पार करून बारदेशात जातो. या दोहोंच्या मध्ये धारगळ. मोटारीतील प्रवाशाला तोवर म्हापशाचे वेध लागलेले असतात, आणि समुद्र कोठे दिसतो याचीच सर्वांना उत्कंठा. पत्रादेवीस १५ ऑगस्ट १९५५ रोजी सत्याग्रहींवर गोळ्या झाडल्या गेल्या, तेथील स्मारकाकडे देखील हल्ली फारसे कोणी मान वळवीत नाही. मग धारगळच्या भातखाचरांकडे आणि काजूच्या डोंगरउतारांकडे कोण पाहणार?

आम्हांला मात्र तेथे उतरावे लागते, कारण आमची थोरली बहीण तेथे दिली आहे. तिला आम्ही सारे आक्का म्हणतो. बडोद्याच्या वाड्यात वाढलेली ही मुलगी लग्न होऊन धारगळास गेली तेव्हा गोवा मुक्त होऊन पाच-सहा वर्षेच झाली होती. पहिल्या पत्रात तिने लिहिले होते की येथे पाऊस आडवा पडतो, भाजीत नारळ असतो व नारळात भाजी, आणि सासूबाई रात्री-अपरात्री कंदील घेऊन कोणाच्या ना कोणाच्या गोठ्यात जातात. या शेवटच्या वाक्याचा अर्थ आम्हांला पुरता कळावयास साठ वर्षे लागली.

गेल्या भाद्रपदात आम्ही उभयता चतुर्थीसाठी तेथे गेलो. बडोद्याहून मुंबई, मुंबईहून कोकण रेल्वेने थिवी, आणि तेथून भाच्याच्या गाडीने कोलवाळचा पूल ओलांडून घरी, असा आमचा ठरलेला मार्ग आहे. पावसाने झोडपलेला शापोरेचा गढूळ प्रवाह पुलावरून पाहताना सौ. नेहमी हात जोडते. कशासाठी ते आम्ही कधी विचारले नाही.

धारगळ आता ओळखू येत नाही, असे म्हणण्याची रीत आहे. ओळखू येते, पण थांबून पाहावे लागते. मोप्याच्या पठारावरील विमानतळावरून ५ जानेवारी २०२३ पासून विमाने उडू लागली, आणि धारगळहून तिकडे जाणारा रुंद नवा रस्ता खांबांवरून डौलाने वर चढतो. गावातच अखिल भारतीय आयुर्वेद संस्थेचे मोठे रुग्णालय उभे आहे. त्याचे उद्घाटन ११ डिसेंबर २०२२ चे. २०२४ च्या डिसेंबरात येथे एक प्रचंड संगीतमहोत्सव झाला, त्याचे गाऱ्हाणे आक्का अजून सांगते, कारण तिच्या गाई तीन दिवस कान टवकारून उभ्या होत्या. तिळारीच्या कालव्याचे पाणी पेडण्यात खेळू लागल्यावर शेती वाढेल असे भावोजी म्हणत असत. शेती वाढली की नाही हे शेतकीचे जाणकार सांगोत. गुरे कमी झाली हे मात्र डोळ्यांना दिसते. चरावयाचे माळ कुंपणांत गेले, आणि संध्याकाळी महामार्गावर बसलेली गुरे कोणाची, हे विचारले तर कोणीच पुढे येत नाही.

आक्काच्या गोठ्यात या वेळी चार जनावरे होती. दोन संकरित गाई, एक कालवड, आणि धवी. धवी म्हणजे कोकणीत पांढरी. नाकपुड्यांपासून शेपटीच्या गोंड्यापर्यंत, पापण्यांच्या केसांसुद्धा, अंगावर दुसरा रंग म्हणून नाही. गोव्यातील या गाईंना आता श्वेतकपिला असे नाव मिळाले असून स्वतंत्र भारतीय गोवंश म्हणून त्यांची अलीकडे रीतसर नोंद झाली आहे. चण लहान, दूध बेताचे. पण पावसात, चिखलात आणि गोचिडांत टिकाव धरावा तो हिनेच. पलीकडे सिंधुदुर्गात हिची चुलत बहीण कोकण कपिला. भाच्याच्या हिशेबी डोक्याला धवी परवडत नाही. पण आक्का म्हणते, घरात एक तरी अशी असावी, जी आपल्याला परवडते की नाही हे कोणी विचारीत नाही. धवी पहिलारू होती आणि दिवस भरत आले होते.

आता खरी गोष्ट. भाच्याची मुलगी, म्हणजे आक्काची नात, बारावी होऊन घरी होती. विसाव्या वर्षाच्या आतबाहेरची, बोलावयास थोडी, पण एकदा बोलली की शब्द परत घेत नाही. भाच्याच्या मनात तिने विमानतळावर नोकरी धरावी असे होते. तेथे गणवेश मिळतो, महिन्याचा पगार मिळतो, आणि घरून जाऊन-येऊन करता येते. तिने तीन महिन्यांचे एक शिक्षण घेण्याचे मनात घेतले होते. गाईम्हशींना कृत्रिम रेतन करणे, लसी टोचणे, जखमा धुऊन बांधणे, कानात बिल्ला मारून नोंदी ठेवणे, आणि कोणते जनावर आपल्या आवाक्यातले नाही हे ओळखून डॉक्टरांना बोलावणे, असे हे काम. केंद्र सरकारने अशा माणसांना ‘मैत्री’ असे गोड नाव दिले आहे. इंग्रजी आद्याक्षरे जुळवून ते साधले आहे हे कळल्यावर आमचा हिरमोड झाला, पण नाव चांगले आहे. एक महिना वर्गात व दोन महिने प्रत्यक्ष गावोगाव फिरून, असे नव्वद दिवसांचे शिक्षण. पुढे सरकारी पगार असा नाही. दर खेपेचे शुल्क मिळेल तीच कमाई.

या कामी घरात मत मागण्यात आले ते आमचे. वडील माणूस, बडोद्यासारख्या शहरातून आलेला, आणि आणंद ज्याच्या घरापासून हाकेवर. आम्ही आणंदबद्दल बोललो, आणि पुष्कळ बोललो. खेडा जिल्ह्याचा दूधसंघ १९४६ साली स्थापन झाला तेव्हापासून चरोतरच्या शेतकऱ्याला दुधाच्या भावाबरोबर जनावरांच्या औषधपाण्याचीही सोय कशी लाभली, गावच्या दूधमंडळीतलाच एखादा शिकविलेला माणूस रेतनाचे काम कसे करतो, हे सारे सांगितले. सांगून झाल्यावर मात्र मुलीच्या बाजूने बोलावयाचे सोडून आम्ही म्हणालो, “पण तेथे ते काम पुरुषच करतात, आणि तेथे गुरे आहेत. धारगळात पाच-दहा वर्षांनी गुरे तरी उरतील काय?”

मुलगी म्हणाली, “आजोबा, उरणार नाहीत म्हणूनच कोणी शिकत नाही, आणि कोणी शिकत नाही म्हणूनच उरणार नाहीत.”

यावर आम्ही हसलो. हसण्याखेरीज उत्तर नसले की वडील माणसे हसतात.

आक्काचा विरोध वेगळा होता. या शिक्षणात गाईच्या गुदमार्गातून कोपराच्या वर हात घालून गर्भाशयाचे मुख बोटांनी धरावयास शिकावे लागते. आणि जिवंत गाईला हात लावण्याआधी खाटिकखान्यातून आणलेल्या अवयवांवर सराव करवितात. हे कोणीतरी तिच्या कानावर घातले होते. “देवाचे नैवेद्य करणारे हात हे,” एवढेच ती म्हणाली व आत गेली.

योगायोगाने सौ.ने त्याच दिवशी अमेरिकेतील आमच्या पुतणीच्या मुलीची हकीकत काढली. ती तेथील एका सामुदायिक महाविद्यालयात दोन वर्षांचा पशुवैद्यकीय तंत्रज्ञाचा अभ्यासक्रम करीत आहे. तिच्या पत्रांत कुत्र्यामांजरांचे दात घासणे, क्ष-किरण चित्रे काढणे, शस्त्रक्रियेच्या वेळी भुलीवर लक्ष ठेवणे, रक्त तपासणे, असले विषय असतात. शेवटी राष्ट्रीय परीक्षा, आणि मग बहुतेक राज्यांत परवाना. रोगाचे निदान, औषधाची चिठ्ठी आणि शस्त्रक्रिया या गोष्टी सोडून बाकी पुष्कळसे काम या तंत्रज्ञांकडे असते. असा पहिला अभ्यासक्रम तेथे १९६१ साली न्यूयॉर्क राज्यातील दिल्ली नावाच्या गावी निघाला. नाव आपल्या राजधानीचेच, पण तेथले लोक त्याचा उच्चार ‘डेलहाय’ असा काहीतरी करतात. अमेरिकेतील नातीचे आम्ही भरभरून कौतुक केले. धारगळची नात पाटावर केळीची पाने पुशीत होती. तिने वर पाहिले आणि पुन्हा पाने पुसू लागली. त्या पाहण्यातला प्रश्न आम्हांला तेव्हाही कळला होता, हे कबूल केले पाहिजे.

चतुर्थी थाटात झाली. माटोळीला कांगले, घागऱ्या, सुपाऱ्यांचे घोस, रानातली नाना फळे. पानांत पातोळ्या आणि खतखते. दुसरा दिवस पंचमीचा. आपल्याकडे ऋषिपंचमी, बैलाच्या श्रमाचे काही खावयाचे नाही असा दंडक; गोव्यात तीच नव्याची पंचम, शेतातली नवी कणसे देवापुढे येतात. एकाच तिथीला एका बाजूस बैलाला विसावा आणि दुसऱ्या बाजूस त्याच्याच कष्टाचा पहिला घास देवाला, हे आम्हांला नेहमीच गोड वाटत आले आहे. संध्याकाळी दीड दिवसांचा गणपती पोचवून सारे भिजत परतलो, तेव्हा रात्रीचे नऊ वाजले होते.

धवी सकाळपासून अस्वस्थ होती. ऊठबस करी, शेपूट वर धरी, कासेला तड लागलेली. साडेनवाच्या सुमारास पाणमोट फुटली. सव्वादहाला नात माजघरात आली आणि म्हणाली, “दोन पाय दिसताहेत. नाक दिसत नाही.”

तिने समजावून सांगितले ते असे. वासरू जन्माला येते ते विहिरीत सूर मारणाऱ्या पोरासारखे, दोन्ही हात पुढे आणि त्यांच्यावर डोके. पाय आले की पाठोपाठ नाकपुडी लागली पाहिजे. पाय आले आणि नाक नाही, तर मान मागे मुरडलेली असू शकते, आणि मग गाय कितीही कळा देवो, ते बाहेर येणार नाही. हे ती कोठे शिकली? गेली दोन वर्षे लसीकरणासाठी डॉक्टर वाड्यावर येत तेव्हा ती त्यांच्यामागून गोठ्या-गोठ्यातून हिंडत असे, आणि विचारीत असे. “डॉक्टरांना आत्ता बोलवू या,” ती म्हणाली.

“अगं, पहिलारू आहे, वेळ लागतो,” आम्ही म्हणालो. “निसर्गाचे काम निसर्गाला करू द्यावे. सणाची रात्र, बाहेर हा पाऊस, आणि त्या गृहस्थाला उगाच उठवायचे?” भाच्याने आमच्याकडे पाहून मान डोलाविली. मुलगी गोठ्यात परत गेली.

हे शब्द आम्ही कोणत्या अधिकाराने उच्चारले? आमचा गुरांचा अनुभव म्हणाल तर बडोद्याच्या वाड्यातील एका गाईचा, आणि तोही असा की तो आठवून तरी तोंड मिटून बसावयास हवे होते. आमच्या लहानपणी त्या गाईचे पोट फुगले म्हणून घरच्या वडिलांनी तिची मान उंच धरविली, जीभ बाजूला ओढविली आणि बांबूच्या नळकांड्यातून तेलाचा काढा घशात ओतला. मान ताणून जीभ धरली की जनावराला नीट गिळता येत नाही. ओतलेले श्वासनलिकेत उतरते. गाय दोन दिवस घरघरत राहिली आणि तिसऱ्या दिवशी गेली. घरात कित्येक वर्षे तिला दृष्ट लागली असेच सांगत. खरे कारण आम्हांला पुढे कधीतरी पुस्तकात सापडले, आणि तेव्हा ज्यांना सांगावे ते कोणी हयात नव्हते.

साडेअकराला गोठ्यातून हाक आली. शेजारचे दोघे जाणते गृहस्थ येऊन उभे होते, पायांना दोरी बांधून ओढू या म्हणत होते; त्यांतील एकाने दोरी आणलीही होती. मुलगी गाईच्या मागे दोन्ही हात पसरून उभी होती. “काका, ओढू नका. मान आत अडकली आहे. ओढले तर आतून फाटेल, गाय जाईल.” आवाज कापत होता, पण ती बाजूस झाली नाही. धवी आडवी पडली होती आणि प्रत्येक कळेसरशी तिचे पांढरे अंग आखडून येत होते. त्या कळांमध्ये आता पहिला जोर उरलेला नाही हे आमच्यासारख्या अडाण्यालाही दिसले. आम्ही स्वतः दूरध्वनी हातात घेतला.

डॉक्टर तालुक्याच्या पार दुसऱ्या टोकाला होते. ते निघाले, आणि निघता निघता मुलीशी बोलत राहिले. गाईला उठवून उभी करा, उभी राहिल्याने आत जागा होते, ओढू नका, कोमट पाणी, साबण, स्वच्छ फडकी तयार ठेवा. तिने ते सारे केले. आक्का चुलीवर पाणी ठेवून बसली. गावात केवढे थोरले रुग्णालय, डोक्यावरून रात्रीची विमाने जात होती, आणि आम्ही दहा माणसे एका गाईभोवती कंदील व विजेऱ्या धरून रस्त्याकडे कान लावून उभे होतो.

डॉक्टर एक वाजता पोचले. कोपराच्या वर हात धुतले, मोजा चढविला, वंगण घातले. दोन कळांच्या मधल्या उसंतीत वासराला आत ढकलावे लागते, ओढावयाचे नसते, हे आम्ही प्रथमच पाहिले. आत ढकलून जागा करावयाची, मान शोधावयाची, जबड्यात बोटे अडकवून डोके वळवून मार्गावर आणावयाचे. मुलीने गाईची शेपूट व पाठ सांभाळली आणि दोरीचा फास त्यांनी मागितला त्या क्षणी मागितला तसा दिला. पाऊण तास लागला. डोके वळले, मग मात्र वासरू सहज आले. पाडी होती. आईसारखीच, नखशिखान्त पांढरी. डॉक्टरांनी तिच्या नाकातोंडातला चिकटा पुसला, उलटे धरून झटकली, छाती चोळली, नाकपुडीत गवताची काडी फिरवली. ती हलली नाही.

कोणी बोलले नाही. मग डॉक्टर हात धूत असता भाच्याने विचारले, आणि त्यांनी साधेपणाने सांगितले, “पाणमोट फुटल्यावर तासाभरात पुढे सरकले नाही तर बोलवावे. दहा वाजता कळते तर कदाचित वाचली असती. कदाचितच हं. गाय वाचली ते मात्र तुम्ही ओढले नाही म्हणून.” मुलीने आमच्याकडे पाहिले नाही. पाहिले असते तर बरे झाले असते.

पहाटे धवीची वार पडली. पडेतोवर तिला दगड बांधून ओझे द्यावे, म्हणजे लवकर सुटते, असा सल्ला दोघातिघांनी दिला. पुष्कळ ठिकाणी हा प्रघात आहे आणि त्याने गर्भाशयाला इजा होते. मुलीने कोणाला हात लावू दिला नाही. चीक पिळून कालवडीला पाजावा की खरवस करावा यावर कोणी बोलले नाही. आक्काने तो गोठ्याच्या मागे माडाच्या मुळाशी ओतला.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी डॉक्टर धवीला पाहावयास पुन्हा आले तेव्हा पडवीत बसले. गृहस्थ बोलका नाही, पण विषय निघाल्यावर बोलला. गोव्यात पशुवैद्यकाचे महाविद्यालय नाही. येथली मुले परराज्यांत जाऊन पदवी घेऊन येतात. मुंबईचे परळचे महाविद्यालय १८८६ सालचे, तेथे शिकलेले गोवेकर डॉक्टर पुष्कळ. पण डॉक्टर कितीही झाले तरी ते प्रत्येक वाड्यावर असणार नाहीत. म्हणून १९८४ च्या पशुवैद्यक परिषद कायद्यात अशी सवलत आहे की नोंदणीकृत डॉक्टरांच्या देखरेखीखाली, राज्य सरकारच्या आज्ञेने, पदविका किंवा प्रमाणपत्र घेतलेल्या माणसाने लस टोचणे, खच्ची करणे, जखम बांधणे अशी किरकोळ सेवा द्यावी. महाराष्ट्रात पशुधन पर्यवेक्षक म्हणतात ते अशाच शिक्षणाचे. “किरकोळ हा शब्द कायद्याचा,” डॉक्टर म्हणाले. “काल रात्री या मुलीने काय केले? नाक दिसत नाही एवढे पाहिले. त्याला किरकोळच म्हणायचे.”

मुलीने त्यांना विचारले ते प्रश्न आम्ही ऐकत होतो. रेतनाच्या कांड्या द्रवरूप नत्रवायूत उणे १९६ अंशांवर ठेवतात. त्या बाहेर काढून सदतीस अंशांच्या पाण्यात अर्धा मिनिट धरावयाच्या, आणि मग वेळ दवडावयाचा नाही. गाय सकाळी माजावर दिसली तर संध्याकाळी, संध्याकाळी दिसली तर दुसऱ्या सकाळी. लाळ्या-खुरकुताची लस दोन ते आठ अंशांत राहिली पाहिजे; उन्हात राहिलेली बाटली टोचली तर टोचल्याचे पुण्य तेवढे पदरी पडते. सांसर्गिक गर्भपाताची लस चार ते आठ महिन्यांच्या पाड्यांनाच, जन्मात एकदा. आणि ती जिवंत जंतूंची असल्याने टोचणाऱ्याच्या बोटात सुई गेली तर तोच आजारी पडावयाचा, म्हणून मोजे आणि चष्मा हवाच. नातीने हे सारे एका जुन्या वहीत लिहून घेतले. वहीच्या पहिल्या पानांवर तिच्या बारावीच्या वाणिज्याच्या नोंदी होत्या.

कुत्र्यांचाही विषय निघाला. गोव्यात गेली काही वर्षे जाळ्यांनी मोकाट कुत्री धरून, पिसाळण्याची लस टोचून, पाठीवर रंगाची खूण करून सोडण्याचा मोठा उद्योग चालला आहे. २०२१ साली राज्य रेबीज-नियंत्रित क्षेत्र म्हणून जाहीर झाले. ते यश मोठमोठ्या डॉक्टरांचे आहेच. पण दारोदार हिंडून जाळे टाकणारा आणि नोंद करणारा माणूस नसता तर लस शीतपेटीतच राहिली असती.

डॉक्टर गेल्यावर आक्का पडवीत येऊन बसली. तिने नातीचा हात आपल्या हातात घेतला, उलटासुलटा करून पाहिला. मग आम्हांला म्हणाली, “तुला आठवते का रे, मी पहिल्या पत्रात लिहिले होते? सासूबाई सुईण होत्या. माणसांच्या होत्याच, पण गाय अडली तरी लोक त्यांनाच बोलावीत. हात लहान होता ना त्यांचा. वर्षातून दोनतीनदा तरी मी त्यांच्या अंगावर पाणी घातले असेल मध्यरात्री. आणि दुसऱ्या दिवशी नैवेद्य त्यांनीच केला असेल.” थोडे थांबून ती म्हणाली, “मी सगळे विसरले होते बघ.”

येथे आम्हांला उरुळीकांचनची आठवण सांगणे भाग आहे. पुण्याजवळच्या या गावी १९४६ च्या मार्चमध्ये गांधीजी काही दिवस राहिले, निसर्गोपचार केंद्र सुरू झाले, आणि ते चालविण्यास मणिभाई देसाई मागे राहिले. हे मूळचे सुरत जिल्ह्यातले. आम्ही मराठी माणसे पिढ्यान् पिढ्या गुजरातेत राहून मराठीच राहिलो, आणि हा गुजराती माणूस उरुळीत राहून तेथलाच झाला, ही गोष्ट आमच्या वडिलांना फार भावे. गीर गाई पाळता पाळता त्यांनी १९६७ साली बायफ ही संस्था उभी केली. गोठविलेले रेत आणि ते घेऊन शेतकऱ्याच्या दाराशी जाणारा शिकविलेला तरुण, अशी तिची रीत. गाय दवाखान्यात आणावयाची नाही, माणसाने गाईकडे जावयाचे. १९८२ साली मणिभाईंना मॅगसेसे पुरस्कार मिळाला, १९९३ साली ते गेले. आम्ही फार वर्षांपूर्वी उरुळीस गेलो होतो तेव्हा फाटकाशी एक पोरगेलासा मुलगा दुचाकीला नत्राचे भांडे काळजीपूर्वक बांधताना पाहिला होता. आम्ही त्यास दूधवाला समजलो आणि दुधाचा भाव विचारला. तो हसला आणि म्हणाला, “याच्यापुढचे विचारा.” त्याचे म्हणणे आम्हांला तेव्हा उमगले नाही.

निघण्याच्या आदल्या रात्री अर्जाचे कागद भरण्यास आम्हीच बसलो. नाव, गाव, तालुका पेडणे. पूर्वानुभव या रकान्यापाशी मुलगी थांबली. आम्ही म्हणालो, “लिही, दोन वर्षे लसीकरणात मदत, व एका अडलेल्या गाईच्या प्रसूतीत डॉक्टरांना साहाय्य.” ती म्हणाली, “वासरू मेले, आजोबा. ते कसे लिहू?” आम्ही सांगितले की वासरू कोणामुळे मेले हे विचारणारा रकाना अर्जात नाही, असता तर तो आम्ही आमच्या हाताने भरला असता. यावर ती प्रथमच थोडी हसली, आणि लेखणी हाती घेतली. भाचा विमानतळाविषयी काही बोलला नाही. कालवडीला गोचीड झाले आहेत ते सकाळी बघ, एवढेच त्याने मुलीला सांगितले.

सकाळी थिवीच्या गाडीसाठी लवकर निघावयाचे होते. पाऊस उघडला होता. सौ. आणि आक्का नेहमीप्रमाणे दारात रडून घेत होत्या, तोवर आम्ही गोठ्यात गेलो. धवी उभी राहून वैरण खात होती. मुलगी तिच्या कुशीला पाठ टेकून, एका हाताने तिच्या कासेचा एकेक सड चाचपून पाहत होती. कोठे गाठ, कोठे ऊन लागते का. आम्ही विचारले, “कशी आहे?”

“उजवीकडचा मागचा सड किंचित कठीण लागतो,” ती म्हणाली. “डॉक्टरांना आत्ताच फोन करते.”